क्रमांक सातची चोच

मेहकर, १० डिसेंबर १९६१, रविवार

नागपूरचे प्राध्यापक महादेवराव यांचे पत्र काल आले. ते विदर्भातल्या पाणपक्ष्यांवर पुस्तक लिहीत आहेत. मागे दौऱ्यावर असताना त्यांनी इथल्या कचेरीत टांगलेला माझा बगळ्याचा फोटो पाहिला होता. उथळ पाण्यात चालून खाणाऱ्या पक्ष्यांचे बारा फोटो त्यांना हवे आहेत. निवडलेल्या प्रत्येक फोटोखाली माझे नाव छापले जाईल असे लिहिले आहे.

हे शेवटचे वाक्य मी तीनदा वाचले. माझे शिक्षण चौथीपर्यंत. वय सेहेचाळीस. फोटोचे काम शिकलो ते एका इंग्रजी पुस्तकावरून, शब्दकोश शेजारी ठेवून. त्या पुस्तकाची पहिली चाळीस पाने गेलेली होती. म्हणून कॅमेरा कसा धरायचा हे मी माझ्या मनाने ठरवले, पुढचे पुस्तकाने सांगितले. मला गुरू नाही. असता तर बरे झाले असते असे अजूनपर्यंत वाटलेले नाही.

बायकोला, मनकर्णाला, पत्र वाचून दाखवले. ती म्हणाली, "पुस्तकात नाव आलं तं लोकाईचे फोटो कोन काढीन?" मी म्हटले, दोन्ही होईल.

१८ डिसेंबर

सुलतानपूरच्या रस्त्यावरचा जुना तलाव या दिवसांत आटत येतो. पाणी जसे मागे सरते तसा पुंजाजी माळी त्या गाळात वांगी, काकडी लावत पुढे जातो. त्याची शेवटची ओळ आणि पाण्याची कड यांच्यामध्ये तीसेक पावलांचा चिखल राहतो. पक्षी तिथे असतात.

माझी पद्धत लिहून ठेवतो. तिवईवर काचेच्या निगेटिव्हचा कॅमेरा, भोवती कडब्याच्या पेंढ्या, लेन्सपुरती फट. शटरला मेण चोळलेली सुतळी, ती पुंजाजीच्या खोपीपर्यंत. पहिले आठ दिवस कॅमेरा न ठेवता नुसत्या पेंढ्या उभ्या करायच्या, म्हणजे पक्ष्यांची नजर मरते. एकदा सुतळी ओढली की काच बदलायला चिखलात जावे लागते आणि मग तासभर पाखरू फिरकत नाही. सकाळी एक काच, फार तर दोन. जो माणूस रिळावर छत्तीस फोटो काढतो त्याला हे सांगून उपयोग नाही.

पुंजाजी आणि त्याची बायको तानुबाई यांना सूचना दिल्या: मी असेपर्यंत मोठ्याने बोलायचे नाही, खोकायचे नाही, बादली आपटायची नाही.

तानुबाई म्हणाली, "कावो फोटोवाले भाऊ, हे वावर हाय का बाळंतिणीची खोली?"

पुंजाजी हसला. हसायचेही नाही असे त्याला सांगावे लागले.

२ जानेवारी १९६२

सहा फोटो तयार. दोन बगळ्याचे, एक ढोकरीचा, एक तुतवाराचा, दोन शेकाट्याचे. शेकाट्या हा माझा आवडता पक्षी. काळे पंख, पांढरे अंग, काठीसारखे लांब तांबडे पाय. पण काच जशी येते तशी ती देण्यालायक नसते. पायाला चिखल, छातीवर काडी, एखादे पीस उलटे. माणसांच्या फोटोत मी देवीचे व्रण काढून टाकतो, तसे हे काढतो. पेन्सिल धरावी म्हणून काचेवर मीडियम चोळायचे, डेस्कखालच्या आरशाने खिडकीतला उजेड वर घ्यायचा आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने एकेक ठिपका भरायचा. जिथे ठिपक्याने भागत नाही तिथे पात्याने खरवडायचे. एका शेकाट्याच्या मानेला अडीच तास लागले. आता तिच्यावरचे प्रत्येक पीस मोजता येते.

मेहकरात असे काम करणारा दुसरा नाही. अकोल्यातही मी पाहिला नाही.

९ जानेवारी

शेकाट्यांच्या थव्यात एक अधू पक्षी आला आहे. उंची थोडी कमी. बाकीच्यांचे पाय तांबडे, याचे निळसर. दुखण्याने रंग उडाला असावा. पाठीवर काळा रंग सलग नाही, पट्टे पडले आहेत, तेही त्यामुळेच. डोक्यावरचा काळा डाग मानेमागे खाली ओघळल्यासारखा. आणि चोच टोकाकडे वर वाकलेली आहे, चपला शिवायच्या आरीसारखी. जन्माची असेल किंवा कुठे मार लागला असेल.

खातो कसा ते मी दुर्बिणीतून सव्वा तास पाहिले. इतरांसारखे टोचता येत नाही. चोच पाण्यात घालून डावी-उजवीकडे झाडतो, गवतात विळा फिरवावा तसा. तरी पोट भरते आहे. अंगाने धडधाकट आहे.

पुंजाजीला दाखवला. तो म्हणाला, "हाव, वाकडीच हाय चोच. काई बिघडलं नाही त्याचं. आमच्या कडूबाची करंगळी अशीच हाय, तो काय जेवत नाही?"

त्याच्यावर एक काच खर्च केली. पक्षी अगदी आडवा उभा होता, पाण्यात पूर्ण सावली. महिन्याभरातली सर्वांत चांगली काच हीच निघाली.

१२ जानेवारी

काल आणि आज दिवसभर त्या काचेवर होतो. क्रमांक सात.

आधी ठरत नव्हते. एवढा चांगला उजेड, एवढी चांगली उभी राहण्याची ढब, आणि चोच अशी. लोक पुस्तकात पक्षी पाहणार की त्याचे दुखणे? गेल्या वर्षी एका मुलीचा लग्नाचा फोटो होता, तिचा एक डोळा तिरळा होता. मी सरळ करून दिला. तिचे वडील माझ्या पाया पडायला आले होते. जे माणसासाठी केले ते पक्ष्यासाठी का करू नये.

काम अवघड होते. काळी चोच काचेवर पारदर्शक येते आणि पांढरे पाणी काळे. म्हणजे वाकलेला भाग पेन्सिलीने भरून पाणी करायचे आणि सरळ रेषेत काळे खरवडून नवी चोच काढायची. रेषा केसापेक्षा जाड झाली तर काच फुकट. पाते तीनदा घासले. श्वास रोखून एकेक ओढ. पाण्यातल्या सावलीतली चोचही सरळ करावी लागली, ते कोणाच्या लक्षात आले नसते, पण माझ्या आले असते.

आता चोच सरळ आहे. भिंगाने पाहिले तरी समजत नाही.

२० जानेवारी

बाराही फोटो रजिस्टर पोस्टाने नागपूरला पाठवले. बारावा टिटवीचा. तो मला पसंत नव्हता, पक्ष्याने मान हलवली आहे आणि समोर गवताची काडी आडवी आली आहे. दुरुस्त करण्याइतकीही त्याची लायकी वाटली नाही. पण बारा मागितले होते म्हणून बारा.

३ फेब्रुवारी, शनिवार

अष्टग्रही लागली आहे. आठ ग्रह एका राशीत, जग बुडणार अशी गावभर हवा. देवळात होम चालू आहेत. माझ्या दुकानात मात्र पाय ठेवायला जागा नाही. सगळ्यांना बुडण्याआधी एक फोटो पाहिजे.

शेजारचा तुळशीराम शिंपी बायकोमुलांना घेऊन आला. मी म्हटले, "अरे, सगळेच बुडाले तर फोटो पाहणार कोण?"

तो म्हणाला, "तुम्ही नका डोस्कं लावू इंद्रभानजी. फोटो सोमवारपरेंत देऊन द्या म्हंजे झालं. सोमवारी बुडलं तं मंगळवारी कोन दुकान उघडीन?"

गर्दी ओसरल्यावर मनकर्णाला म्हटले, तुझा तो लग्नाच्या पहिल्या वर्षीचा फोटो बाहेर काढ, बैठकीत लावू. तिच्या हनुवटीला लहानपणीचा भाजल्याचा डाग आहे, तो मी त्या फोटोत पूर्ण काढला होता. माझे पहिले चांगले काम. ती फोटो लावू देत नाही, ट्रंकेत ठेवते. आजही म्हणाली, "राहू द्या. ती बाई कोन हाय, मले माहीत नाही."

तिला फोटोतले समजत नाही. कामाचा दिवस होता म्हणून विषय वाढवला नाही.

६ फेब्रुवारी

जग आहे तिथेच आहे. तुळशीराम फोटो घ्यायला आला नाही.

१२ फेब्रुवारी

महादेवरावांचे पत्र. मूळ पत्र जपून ठेवले आहे, महत्त्वाचा भाग इथे उतरवतो:

"आपले सर्व फोटो उत्कृष्ट आहेत. परंतु क्रमांक सातबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. हा शेकाट्या नव्हे. पाठीवरचे पट्टे, डोक्यावरची टोपी पाहता हा उचाट्या असावा, जो आपल्याकडे क्वचितच उतरतो. मात्र उचाट्याची चोच वर वळलेली असते, आणि आपल्या पक्ष्याची सरळ आहे. असा पक्षी आजवर कोणी नोंदवल्याचे मला माहीत नाही. आपल्याला या शोधाचे महत्त्व कळले आहे की नाही, मी जाणत नाही. रविवारी अठरा तारखेला मी स्वतः येत आहे. ती काच कृपया प्राणापलीकडे जपावी."

काच काढून पाहिली. काच व्यवस्थित आहे.

१४ फेब्रुवारी

पोस्टमनने की कोणी, गावात बातमी केली आहे. तुळशीराम दुकानातून ओरडला, "इंद्रभानजी, तुमच्या नावाचा पक्षी निघाला म्हने! आता आमच्या नावाची एखादी चिमनी तरी काढा!" कचेरीतले कारकून येऊन हात जोडून गेले. एकाने विचारले, पेपरात येईल का. मी म्हटले, शास्त्राची कामे सावकाश होतात.

मी कोणाला काही खोटे सांगितलेले नाही. महादेवराव शिकलेले आहेत, त्यांनी फोटो पाहून काय ठरवायचे ते ठरवले. त्यांनी विचारले असते की चोच सरळ होती का, तर मी उत्तर दिले असते. त्यांनी विचारलेले नाही.

पण पक्षी अजून तलावावर आहे. काल जाऊन पाहिले.

१७ फेब्रुवारी, शनिवार

जे केले ते लिहितो, कारण या वहीत आजवर काही वगळलेले नाही.

सकाळी तलावावर गेलो. कॅमेरा नेला नव्हता. तो पक्षी चिखलाच्या टोकाला एकटाच चोच झाडत होता. मी पेंढ्यांपाशी उभा राहून टाळी वाजवली. त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. दोन महिने आम्हीच त्यांची भीती मोडली होती. मग मी खोकलो. मग ढेकूळ उचलून फेकले, ते पाण्यात पडले. दुसरे जवळ पडले. तेव्हा तो उडाला, तलावावर एक फेरी मारली आणि परत येऊन दहा हातांवर बसला. चार ढेकळे लागली. शेवटी पूर्वेकडे गेला. पाय शेपटीच्या मागे लांब दिसत होते. दिसेनासा होईपर्यंत पाहिले.

मागे वळलो तर वांग्यांच्या ओळीत तानुबाई खुरपे घेऊन उभी.

"काऊन हो भाऊ," ती म्हणाली, "दोन महिने आमाले खोकू देलं नाही तुम्ही. अन् आज तुम्हीच ढेकलं मारून राह्यले?"

मी म्हटले, "उडतानाचा अंदाज घ्यायचा होता."

"क्यामेरा कुठं हाय?"

मी हातांची माती झटकली. ती पुन्हा बसून निंदायला लागली. म्हणाली, "वांग्याइले ढेकूळ लागलं नाही, तेवढं बरं झालं."

१८ फेब्रुवारी, रविवार

महादेवराव सकाळच्या मोटारीने आले. बारीक अंगाचे, माझ्याच वयाचे, गळ्यात दुर्बीण. चहाही घेतला नाही, आधी तलाव म्हणाले. पायातले बूट काढून चिखलात उतरले. दुपारी बारापर्यंत उन्हात बसले. शेकाटे होते, तुतवार होते, तो नव्हता.

त्यांनी पुंजाजीला विचारले. पुंजाजी म्हणाला, "होता ना सायेब. परवापरेंत होता. काल मी बाजारात गेलतो."

मग त्यांनी तानुबाईला विचारले, "बाई, तुम्ही काल पाहिला का?"

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पाखरू हाय सायेब. त्याले कोनी बांधून थोडीच ठेवते." आणि त्यांच्या पिशवीत चार काकड्या टाकल्या.

म्हणजे आता फक्त काच उरली होती. परतीच्या वाटेवर मी हे स्पष्टपणे मनात मांडले. पक्षी नाही. पाहणारे दोघे माळी, त्यांना चोचीचे महत्त्व माहीत नाही. काच आहे आणि तिच्यावर दोष नाही.

दुकानात त्यांना डेस्कपाशी बसवले, काच लावली, भिंग दिले. ते बराच वेळ पाहत राहिले. चोचीवरून भिंग तीनदा गेले. त्यांना काही दिसले नाही. मला समाधान वाटले हे खरे आहे.

मग ते म्हणाले, "नशीबवान आहात हो इंद्रभानजी. काय लेन्स आहे! पक्षी समोर येऊन उभा राहिला, उजेड मिळाला, बाकी तुम्हाला काही करावंच लागलं नाही."

मी म्हटले, "काय म्हणालात?"

"म्हटलं, कॅमेऱ्यानंच सगळं केलं. पाहा ना, चोचीची कड किती स्वच्छ आलीय. लेन्सशिवाय हे शक्य नाही."

ती कड काढायला मला पावणेतीन तास लागले होते. मी काच डेस्कवरून काढली, खिडकीत नेली आणि उजेडाला तिरपी धरली. तिरपी धरल्याशिवाय दिसत नाही, हे ज्याचे काम आहे त्यालाच माहीत असते.

"इकडून पाहा," मी म्हटले. "ही चकाकणारी रेषा दिसते? हे लेन्सचं नाही. हे पात्याचं आहे. ही चोच मी काढली. आणि इथं, वरच्या बाजूला, ही पेन्सिल. खरी चोच इथून वर जात होती, ती मी बुजवली. सावलीतलीसुद्धा."

त्यांनी काच हातात घेतली नाही. भिंग धरून वाकले, आणि तसेच राहिले.

"वर जात होती," ते म्हणाले.

"हो. वाकडी होती. अधू पक्षी होता."

"अधू नव्हता. साधा उचाट्या होता."

"साधा कसा? चोच वाकडी होती त्याची."

"सगळ्यांची असते, इंद्रभानजी. तो तिनंच खातो."

गिऱ्हाइकांना फोटोसाठी बसवतो त्या खुर्चीवर ते जाऊन बसले. मनकर्णा चहा घेऊन आली, तिने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि कप ठेवून गेली. मग त्यांनी विचारले, "बाकीच्या अकरांना हात लावलाय?"

मी म्हटले, हात न लावता मी दुकानातून काही बाहेर जाऊ देत नाही.

ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत, त्याची मी वाट पाहत होतो. म्हणाले, "मग यातला पक्षी कोणता आणि तुम्ही कोणते, ते मी कसं ओळखू? माझ्या पुस्तकावरून पोरं पक्षी ओळखायला शिकणार आहेत." संध्याकाळच्या मोटारीला बसताना म्हणाले, "प्रत्येक फोटोवर काय काय केलं ते लिहून पाठवाल? मग पाहू."

मी खोटे बोललो नाही याची इथे नोंद करून ठेवतो. त्यांना न सांगताही निभले असते.

२६ फेब्रुवारी

यादी करायला घेतली. सोपे वाटले होते. क्रमांक एक, बगळा: डोळ्यात उजेडाचा ठिपका, पायावरचा चिखल काढला, मागची वेताची काठी काढली. क्रमांक दोन: पाठीवरची पिसे सारखी केली. क्रमांक चार, शेकाट्या: मान.

मानेशी अडलो. अडीच तास काम केले होते हे वहीत आहे, पण त्यातली पिसे किती त्याची आणि किती माझी, ते काचेवरून सांगता येत नाही. तिरपी धरली तर सगळी मान चमकते.

उत्तर चुकीचे देणार नाही. तलावावर जाऊन पाहून येतो.

१ मार्च

तीन दिवस कॅमेऱ्याशिवाय गेलो. पाणी आणखी मागे गेले आहे, पुंजाजीच्या ओळी पेंढ्यांच्या पुढे गेल्या. तानुबाईने एकदाही काही विचारले नाही. काल तिने खोकला आल्यावर तोंडाला पदर लावला. मी म्हटले, खोका, काही हरकत नाही. ती म्हणाली, "आता कायले खोकू? आता तं सवयच गेली."

सगळ्या शेकाट्यांची मान पांढरीशुभ्र नसते. काहींची मागून राखी, मळकी असते, आणि ती कोणत्याही दोघांची सारखी नसते. मी दोन्ही फोटोंत चुन्यासारखी केली होती. बगळ्याच्या पाठीची पिसे वाऱ्याने सारखी राहत नाहीत. तुतवाराच्या पोटावरच्या पांढऱ्याला कड नसते, मी कड दिली होती.

क्रमांक चार, पाच, दोन, सहा मागे घेतो.

८ मार्च

यादी पूर्ण. बारांपैकी अकरा मागे. त्यांत सातही आला. हात लावलेला नाही असे शपथेवर सांगता येईल असा एकच, बारावा. टिटवी. मान हललेली, काडी आडवी. तसे लिहून कळवले.

१५ मार्च

महादेवरावांचे पोस्टकार्ड. अकरा जागी ते चित्रकाराकडून रेखाटने करून घेणार आहेत. बारावा फोटो छापायचा आहे, खाली माझे नाव घालून. माझी संमती हवी आणि मूळ काच हवी.

दिवसभर विचार केला. आयुष्यात एकदाच नाव छापून येणार, तेही माझ्या सर्वांत वाईट फोटोखाली. तुळशीराम पुस्तक दुकानात उघडून ठेवेल. नको म्हणून एक पत्र लिहिले, चांगल्या अक्षरात. मग शेवटचे पाहावे म्हणून काच डेस्कवर लावली. काडी काढायला दहा मिनिटे लागली असती. पेन्सिल हातात होती. टोकही केलेले होते.

मनकर्णा मागे येऊन उभी राहिली. डेस्कशेजारी त्या फोटोची माझ्याकडची प्रत पडली होती, ती उचलून तिने दारातल्या उजेडात नेली.

"टिटवी हाय," ती म्हणाली.

मी म्हटले, "मान हलली आहे. बिघडलेला आहे तो."

"टिटवी एका जागी उभी कधी राह्यते? तुम्ही जवळ गेले असान. आता पाहा कशी वरडते ते." आणि ती हसली. गेल्या किती वर्षांत ती माझा फोटो पाहून हसली नव्हती, आणि यात हसण्यासारखे काय आहे ते मला अजून कळलेले नाही.

तिला फोटोतले समजत नाही. काच जशी होती तशी कापसात गुंडाळली, पुठ्ठ्यात बांधली. वर चिठ्ठी घातली: छापावा. पाकीट चिकटवायला खळ मनकर्णाने करून दिली.